उत्तरेची थंडी : थोडा अभ्यास, थोडा अनुभव

सुरुवातीलाच सांगते की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. "मराठी विभागात कविता खूप झाल्या, काहीतरी टेक्निकल दे" असं संपादक मंडळाने सांगितलं, म्हणून हा लेख.

मागच्या डिसेंबर-जानेवारीत सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी मी कानपूरला होते. आपल्या हॉस्टेलमधून दरवर्षी कोणी ना कोणी दिल्ली, कानपूर, रुरकी, वाराणसी या बाजूला जातंच, आणि जाणारा प्रत्येक जण थंडीबद्दल काहीतरी चुकीची कल्पना घेऊन जातो. मीही गेले. एका चुकीची किंमत तर फारच मोठी द्यावी लागली असती. ते पुढे येईलच.

आमच्या कल्पना

मी नाशिकची. निफाडचा पारा घसरला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे "थंडी आम्हाला नवीन नाही" हा माझा तोरा! दुसरीकडे आमच्या आत्याला वाटत होतं की मी बर्फात चालले आहे. "बूट घे गं, घसरशील," म्हणाली.

दोघींचंही चुकलं. कानपूरला बर्फ पडत नाही. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वाशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे नाशिक-पुण्यापेक्षा कितीतरी खाली. पण नाशिकची सवय तिथे उपयोगी पडली नाही. कारण आपण बघतो किमान तापमान, आणि खरी गोष्ट असते कमाल तापमानात.

किमान नको, कमाल बघा

जानेवारीत नाशिकला पहाटे ८-१० अंश सेल्सिअस असतं, कानपूरलाही साधारण तेवढंच. पण नाशिकला दुपारी पारा २७-२८ पर्यंत जातो. सकाळचा स्वेटर अकरा वाजता कमरेला बांधला जातो. कानपूरला चांगलं ऊन पडलं तर दुपारी २०-२१, आणि धुकं उठलंच नाही तर १३-१४ अंशांवर गाडी अडते. म्हणजे आपल्याकडे थंडी पहाटेपुरती येऊन जाते, तिथे ती दिवसभर मुक्कामाला असते.

हवामान खात्यानेही यासाठी 'शीत दिवस' अशी वेगळी संज्ञा केली आहे. मैदानी भागात किमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त खाली असेल, तर तो शीत दिवस. दिल्लीत ३० डिसेंबर २०१९ ला कमाल तापमान फक्त ९.४ अंश होतं. भर दुपारी निफाडची पहाट!

हे होतं कशामुळे?

पहिलं कारण अक्षांश. नाशिक साधारण २० अंशांवर, कानपूर साडेसव्वीसवर. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्य नाशिकला क्षितिजापासून ४६.५ अंश वर असतो, कानपूरला ४० अंश. साइन काढून बघा, जमिनीवर पडणारं ऊन सुमारे ११ टक्के कमी. शिवाय दिवस पंचवीस-तीस मिनिटांनी लहान.

पण एवढ्याने भागत नाही. खरी गंमत वेस्टर्न डिस्टर्बन्सची आहे. तिथल्या हिंदी पेपरात याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. भूमध्य समुद्राकडून हे कमी दाबाचे पट्टे पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात, हिमालयात बर्फ आणि मैदानात थोडा पाऊस देतात. ते पुढे सरकले की मागून वायव्येचे थंड, कोरडे वारे येतात आणि शीतलहर सुरू होते. आम्हाला वाटायचं थंडी सरळ सायबेरियातून येते. उलट मध्य आशियातली अतिथंड हवा हिमालयच अडवतो. तो नसता तर काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही.

धुकं

पाऊस पडून गेलेला, गव्हाच्या शेतांना पाणी दिलेलं, वारा नाही, आकाश स्वच्छ, रात्र मोठी. अशा रात्री जमीन आपली उष्णता वर सोडते आणि झपाट्याने गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा गरम, असं उलटं प्रकरण होतं. याला इन्व्हर्जन म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावं तशी खालची हवा अडकते. त्यात धूर आणि धूळ भरपूर, त्या कणांवर बाष्प जमतं आणि धुकं तयार होतं. सकाळी ते ऊन अडवतं, ऊन नाही म्हणून जमीन तापत नाही, जमीन तापत नाही म्हणून धुकं उठत नाही. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा सरळ फीडबॅक लूप आहे.

या दमट गारव्याला तिथले लोक 'गलन' म्हणतात. स्वेटर ऊब देतो तो त्यात अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. तोच ओलसर झाला की अंगावर असून नसल्यासारखा.

जाताना आमची गाडी अकरा तास लेट झाली. मी चिडले होते, पण शेजारच्या काकांनी समजावलं की ड्रायव्हरला सिग्नल दिसलाच पाहिजे ना! पूर्वीपासून सिग्नलच्या आधी रुळावर पटाखे लावतात, चाकाखाली ते फुटले की सिग्नल जवळ आल्याचं कळतं. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं फॉग पास नावाचं यंत्रही असतं.

घरात जास्त थंडी

हे मला सर्वांत अनपेक्षित होतं. बर्फाच्या देशात भिंती दुहेरी, घरात हीटिंग, आत २० अंश. कानपूरची घरं बांधली आहेत उन्हाळ्यासाठी! उंच छत, वर झरोके, गुळगुळीत लादी. मे महिन्यात हे वरदान असेल, पण जानेवारीत खोलीत पाय ठेवला की फ्रिजमध्ये आल्यासारखं वाटतं. विटांची जाड भिंत रात्रभर गार होते आणि दिवसभर ती थंडी परत देत राहते. म्हणून तिथे दुपारी सगळी माणसं गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून बसलेली दिसतात. आपल्याला वाटतं आळशी आहेत. आठ दिवसांत मीही पुस्तक घेऊन गच्चीवर!

शेगडीची गोष्ट

खोलीत आम्ही तिघी होतो. मी, एक लोणावळ्याची आणि एक गोरखपूरची. जानेवारीतल्या एका रात्री लाइट गेली, हीटर बंद. गोरखपूरवाली बाहेर गेली होती. आम्ही दोघी कुडकुडत होतो. खाली वॉचमन काका अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवून बसायचे. निखारे लाल झालेले, धूर अजिबात नाही. आम्ही ती मागून वर आणली, दार-खिडक्या लावल्या, झरोक्यात उशी कोंबली. आयुष्यात पहिल्यांदा ती खोली उबदार झाली होती! अर्ध्या-पाऊण तासाने माझं डोकं दुखू लागलं. वाटलं, अभ्यास जास्त झाला. लोणावळावाली झोपून गेली. मलाही पेंग येत होती.

तेवढ्यात तिसरी परत आली. दार उघडून ती आधी ओरडली, "पागल हो क्या?" खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर ढकलली, आम्हाला ओढत गच्चीवर नेलं. लोणावळावालीला उलटी झाली. डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघी बऱ्या झालो. गोरखपूरवाली रात्रभर आमच्याशी बोलली नाही. सकाळी म्हणाली, आमच्याकडे दर हिवाळ्यात अशी माणसं जातात, आणि तुम्ही तर इंजिनिअर.

ते वाक्य मला अजून टोचतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत मी हे लिहून मार्क मिळवले आहेत. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की कोळसा अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आम्ही धरून चाललो. पेपरातलं ज्ञान पेपरातच राहिलं होतं.

जाणाऱ्यांसाठी

१. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. थरांमधली हवा उष्णता धरून ठेवते.
२. कानटोपी, मोजे आणि खोलीत घालायची चप्पल हवीच. थंडी लादीतूनही येते.
३. रजई इथून नेऊ नका, तिथे घ्या. आपली चादर तिथे चालत नाही.
४. परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर एक पूर्ण दिवस आधी पोहोचा. धुक्याला टाइमटेबल नसतं.
५. इमर्शन रॉड वापरताना स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.
६. कोळशाची शेगडी खोलीत कधीही नाही. कितीही थंडी असली तरी नाही.
७. तिथल्या माणसांना विचारा. लाजू नका.

परतीच्या प्रवासात, हरियाणात नाही गेले तरी, पानिपत आठवलं. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत आपली माणसं तिथे तळ ठोकून होती. शाळेत आम्हाला लढाईची तारीख पाठ होती, रसद तुटल्याचं ठाऊक होतं. पण उपाशी पोटी, उघड्या मैदानात, अपुऱ्या कपड्यांत तो डिसेंबर आणि ती संक्रांत कशी गेली असेल, हे कानपूरला जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

असो. शेगडीची गोष्ट मी आईला अजून सांगितलेली नाही. हा अंक घरी गेला की कळेलच. आई, रागावू नकोस. यंदा आपल्या हॉस्टेलमधून चौघी तिकडे जाणार आहेत, त्यांच्यासाठी लिहिलं आहे.