कॉइल बदलण्याआधी काटा बघा

प्रश्न : मिरची भरून नंदुरबारहून दिल्लीला जातो. थंडीत केबिनचा हीटर नुसता कोमट वारा देतो. मेकॅनिक म्हणतो, हीटरची कॉइल बदला. बदलू का?

उत्तर : थांबा, घाई नको. आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. तासभर गाडी चालवूनही तो खालीच असेल, तर दोष बहुधा हीटरचा नाहीच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, की ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन हवं तितकं, म्हणजे साधारण ८० अंशांवर, तापतच नाही. हीटरला ऊब मिळणार कुठून? वर डिझेलही जास्त जळतं. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

काटा बरोबर असेल, तर कूलंटची पातळी तपासा. इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. पातळी उतरली, की हीटरच्या वाटेत हवा अडकते. मग इंजिन तापवून बंद करा आणि हीटरचे दोन्ही पाइप हाताने जपून चाचपा. एक गरम, दुसरा गार? हीटरच्या पाण्याचा कॉक बंद आहे, हवा अडकलीय किंवा कॉइल चोंदलीय. बोअरचं पाणी ओतत असाल, तर क्षार साचणारच. दोन्ही गरम असतील, तर ब्लोअर आणि हवेची झडप बघा.

तोवर ऊब म्हणून बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका. त्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही.