एक गुणसूत्र अधिक

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. माझ्या दादाच्या पेशींत ती ४७ आहेत. एकविसाव्या जोडीत एक अधिक. इंग्रज वैद्य जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे कारण मात्र १९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. कोणाची दृष्ट, कोणाचे पाप किंवा गरोदरपणी पाहिलेले ग्रहण यांचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तरी बुटाची नाडी बांधायला आम्ही एकाच वर्षी शिकलो. लोक त्याला 'देवाचं लेकरू' म्हणतात. मला ते पटत नाही. तो रुसतो, हट्ट करतो, कॅरममध्ये चक्क रडीचा डाव खेळतो. कोणी कीव केली की त्याला ती बरोबर कळते. त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे त्याचा राग, त्याची आवड आणि त्याचे वय मानणे, असे मी समजते.

"आईवडिलांच्या माघारी याचे कोण?" हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो आणि उत्तर बहुधा भावंडच असते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार नातेवाईकही पालकत्वासाठी स्थानिक समितीकडे अर्ज करू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. म्हणून हे बोलणे घरात वेळीच व्हावे, आणि दादाला शेजारी बसवून व्हावे. उद्या कागदावर सही माझी असेल. पण आधी मी त्याला विचारीन. मोठा तो आहे.