मोटारगाडीचे माहितीपत्रक : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

मोटारगाडीच्या माहितीपत्रकाला वाङ्मयप्रकार म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. त्यावर लेखकाचे नाव नसते, ते जपून ठेवण्याची कोणाची अपेक्षा नसते आणि ज्या गाडीसाठी ते छापले जाते ती बाजारातून गेली की त्याचे प्रयोजनही संपते. तरीही जगभर अशा पत्रकांचे संग्राहक आहेत. फारशा न खपलेल्या, किंवा मुळात बाजारात न आलेल्या, गाड्यांचे इतिहास बव्हंशी त्यांच्याच संग्रहांच्या आधारे लिहिले जातात. कागद हेच ज्या इतिहासाचे प्रमुख साधन आहे, त्या कागदाची भाषा कशी वाचावी हा प्रश्न मात्र साहित्याभ्यासकाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार चंदीगड या शहराच्या संदर्भात केला आहे.

माहितीपत्रकाचे पहिले लक्षण त्याच्या क्रियापदात सापडते. गाडी घाट सहज चढते, मागच्या आसनावर तिघे ऐसपैस बसतात, इंधन कमी लागते, अशी त्याची वाक्यरचना असते. व्याकरणदृष्ट्या हा साधा वर्तमानकाळ आहे. जे नेहमी घडते ते सांगणारा. परंतु पत्रक छापले जाते तेव्हा पुष्कळदा गाडी कारखान्यातून पुरती बाहेर पडलेलीही नसते. म्हणजे रूप वर्तमानकाळाचे आणि अर्थ भविष्यकाळाचा. आपल्याकडील स्थळमाहात्म्यांच्या फलश्रुतीशी या रचनेचे साम्य आहे. फलश्रुतीही जे मिळावयाचे आहे ते मिळतेच अशा निश्चयाने सांगते. फरक इतकाच, की माहितीपत्रकाच्या अखेरीस लांबी, रुंदी, वजन आणि इंजिनाची शक्ती यांचे कोष्टक असते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. निश्चयाचा स्वर आणि त्यातून सुटकेची वाट एकाच पानावर असावी, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय.

इतिहाससाधनांच्या मराठी चर्चेतून पाहिले तर येथे एक पेच उभा राहतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून समकालीन अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद आपल्या अभ्यासात रूढ झाला आहे. अस्सल कागदाचे प्रामाण्य अधिक, बखरीचे कमी. मोटारीचे माहितीपत्रक या विभागणीत नीट बसत नाही. काळाच्या दृष्टीने ते अस्सल कागद आहे, कारण ते त्या त्या वर्षीच छापलेले असते. हेतूच्या दृष्टीने मात्र ते बखरीच्या जवळचे आहे, कारण एका घराण्याची थोरवी गाणे हेच त्याचे काम. त्यामुळे कागद अस्सल ठरला म्हणून त्यातील विधानही खरे ठरले, असे या क्षेत्रात म्हणता येत नाही.

या चर्चेसाठी चंदीगड निवडण्याचे कारण म्हणजे या शहराचा प्रमुख रचनाकार ल कॉर्ब्युझिए हा स्वतः मोठा पत्रकसंग्राहक होता. ‘लेस्प्री नुव्हो’ हे नियतकालिक तो पॅरिसमध्ये १९२० ते १९२५ या काळात सहकाऱ्यांसह चालवीत असे. त्या वर्षांत त्याने व्हॉयझँ, प्यूजो, सित्रोएन, दलाज या मोटारकंपन्यांची, तसेच विमाने, टर्बाइन, पंखे, प्रवासी पेट्या आणि कार्यालयीन कपाटे यांची सूचीपत्रे मिळवली. वास्तुशास्त्राच्या अभ्यासक बिआत्रिस कोलोमिना यांनी या संग्रहाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेर झून आर्शितेक्त्यूर’ या ग्रंथात या सामग्रीचा उपयोग उघड दिसतो. तेथे वर पेस्टमचे मंदिर आणि पार्थेनॉन, तर खाली १९०७ ची हंबर्ट आणि १९२१ ची दलाज ग्रँड-स्पोर्ट, अशी चित्रे मांडली आहेत. ग्रीक मंदिराचा नमुना जसा पिढ्यांच्या प्रयत्नांनी परिपूर्ण झाला, तशीच मोटारही प्रमाणित नमुन्याकडे चालली आहे, असा त्यामागील युक्तिवाद आहे.

पत्रकातील चित्र ग्रंथात येताना त्याचे काय होते, हे येथे पाहावयास हवे. त्याची किंमत, विक्रेत्याचा पत्ता, कोष्टक आणि बारीक अक्षरांतील अट गळून जातात. उरते ते फक्त गाडीचे रूप. जे वाक्य एका ग्राहकाला उद्देशून होते ते साऱ्या युगाला उद्देशून होते. फलश्रुतीचे रूपांतर सिद्धांतात होते. पुढे १९२५ साली पॅरिसच्या मध्यभागासाठी केलेल्या आराखड्याला त्याने ‘प्लान व्हॉयझँ’ असे नाव दिले, कारण ज्या मोटारकंपन्यांकडे त्याने साहाय्य मागितले त्यांपैकी व्हॉयझँने ते दिले होते. शहराच्या आराखड्याला मोटारीच्या कंपनीचे नाव मिळाले.

१९३६ साली ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी फ्रेंच मोटार अभियंत्यांच्या संस्थेने जाहीर केलेल्या स्पर्धेसाठी ‘व्हॉयत्यूर मिनिमम’, म्हणजे किमान मोटार, या नावाचा आराखडा सादर केला. गाडीचे इंजिन मागे होते आणि बाह्यरेषा साध्या भूमितीत बसवलेली होती. ती कोणत्याही कारखान्यात तयार झाली नाही. पुढे ल कॉर्ब्युझिएने या आराखड्याचे मूळ १९२८ सालचे असल्याचे सांगितले. तो काळ मान्य केला, तर जर्मनीतील फोक्सवागेनच्या आधीचा मान त्याला मिळतो. आंतोनियो आमादो यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मूळ कागद तपासून या दाव्याविषयी साधार शंका उपस्थित केली आहे. माहितीपत्रक भविष्य वर्तमानात ओढते, तर रचनाकाराची आठवण वर्तमान भूतकाळात ढकलते. न झालेल्या गाडीच्या इतिहासकाराला या दोन्ही ओढींमधून वाट काढावी लागते.

हे दोघेही १९५१ पासून चंदीगडच्या कामात गुंतले. ल कॉर्ब्युझिए सल्लागार म्हणून येत-जात असे. जानरे मात्र १९६५ पर्यंत येथेच राहिला. किमान मोटारीच्या या सहरचनाकाराच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. सेक्टरांभोवती वेगवान वाहनांचे रस्ते आणि आत पायी चालणाऱ्यांच्या वाटा, अशी व्ही-१ ते व्ही-७ ही मार्गश्रेणी या शहरात प्रत्यक्षात उतरली. सायकलींसाठी व्ही-८ तीत मागाहून आला. मोटारीची गती गृहीत धरून शहर आखले गेले त्या वेळी या देशात मोटार दुर्मीळ होती. म्हणजे शहराचा नकाशाही काही अंशी माहितीपत्रकाच्याच काळात लिहिलेला होता.

भारतात या वाङ्मयप्रकाराची स्थिती निराळी होती. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने उत्पादनाला परवाना आवश्यक झाला. १९५३ साली सुटे भाग जोडण्यापुरते काम करणाऱ्या परदेशी कंपन्यांवर निर्बंध आले आणि फोर्ड व जनरल मोटर्स येथून गेल्या. त्यानंतर तीन दशके ग्राहकापुढे मुख्यतः उत्तरपाड्याची हिंदुस्तान, मुंबईच्या कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच निवड होती. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मन वळवणे हे पत्रकाचे मूळ कार्य असेल, तर ज्याला निवडच नाही त्याचे मन वळवण्याचे कारण उरत नाही. येथे माहितीपत्रक हे प्रतीक्षेतील वाचन झाले. घरात गाडी येण्यापूर्वी गाडीचा कागद आला, आणि तो पुन्हापुन्हा वाचला गेला. मूळ परदेशी साच्यातील गाडीला नवे नाव देणे, हीच पुष्कळदा नवी निर्मिती ठरे. इटलीच्या फियाट ११०० चे येथील रूप १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाले. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डचे वंशज १९७१ साली स्टँडर्ड गॅझेल या नावाने आले. यंत्रात थोडा आणि नावात मोठा बदल, हे त्या काळच्या भारतीय पत्रकांच्या भाषेचे सूत्र होते. पद्मिनीसारखे नाव चितोडच्या आख्यायिकेचा सारा संदर्भ एका शब्दात गाडीला जोडून देते.

कागदावरील गाडीचे सर्वांत गाजलेले भारतीय उदाहरण चंदीगडपर्यंत येऊन संपले. संपूर्ण देशी बनावटीच्या स्वस्त मोटारीचे आश्वासन देणारी मारुती लिमिटेड १९७१ साली स्थापन झाली. नमुना-गाड्या दाखवल्या गेल्या, परंतु नियमित उत्पादन झाले नाही. न्यायमूर्ती अ. च. गुप्ता यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, आणि कारखाना हरियाणात असल्यामुळे कंपनी गुंडाळण्याचा आदेश १९७८ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने दिला. ज्या इमारतीत हे न्यायालय भरते ती ल कॉर्ब्युझिएची रचना आहे. पुढे १९८१ साली शासकीय मारुती उद्योग स्थापन झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये जी मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचा मूळ साचा जपानी होता. पहिल्या मारुतीचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणून आश्वासनाच्या कागदाशेजारी आयोगाचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश ठेवावा लागतो. एकाचा काळ भविष्याचा, दुसऱ्याचा पूर्ण भूताचा.

याच्या नेमकी उलट स्थिती महाराष्ट्रात आढळते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसताना छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि १९४९ साली ‘मीरा’ नावाची दोन आसनी गाडी तयार केली. पुढील दोन दशकांहून अधिक काळ ते तिच्या सुधारित आवृत्त्या बनवीत राहिले. या गाडीचेही इंजिन मागे होते, आणि तिची अपेक्षित किंमत सुमारे १२,००० रुपये होती असे सांगितले जाते. ती रस्त्यावर धावली. पण उत्पादनाचा परवाना आणि भांडवल यांच्याअभावी कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. तिची स्मृती आज छायाचित्रे, वृत्तपत्रांतील नोंदी आणि आठवणी यांवर टिकून आहे. पॅरिसच्या किमान मोटारीला कागद मिळाला, चाके मिळाली नाहीत. इचलकरंजीच्या मीरेला चाके मिळाली, पण सिद्धांताचा ग्रंथ मिळाला नाही. जागतिक इतिहासग्रंथांत पहिलीचा उल्लेख सहज सापडतो, दुसरीचा क्वचित. यंत्रांच्या इतिहासातील स्थान यंत्रापेक्षा वाङ्मयावर किती अवलंबून असते, याचा हा पुरावा मानावा लागेल.

या विवेचनातून वाचनाची काही पथ्ये हाती येतात. पत्रकाचा छपाईचा काळ आणि गाडीच्या उत्पादनाचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातील छपाईचा क्रमांक आणि आत घातलेले सुटे दरपत्रक यांचा तेथे उपयोग होतो. चित्र छायाचित्र आहे की रेखाटन, हे पाहावे. अमेरिकेतील पाँटिअॅक गाड्यांसाठी १९५९ नंतर फिट्झपॅट्रिक आणि कॉफमन या चित्रकारांनी केलेल्या चित्रांत गाडी प्रत्यक्षाहून रुंद दिसते. रूप हेही विधानच असते. स्तुतिपर मजकूर आणि कोष्टक यांत विसंगती असल्यास ती मिटवू नये, नोंदवावी. आणि पत्रकातील प्रत्येक वर्तमानकाळी क्रियापदापुढे एकच प्रश्न विचारावा : हे घडत होते, की घडावे अशी इच्छा होती?

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चंदीगडच्या कार्यालयांसाठी केलेल्या खुर्च्या अनेक वर्षे भंगारात निघत होत्या. परदेशी लिलावांत त्यांना मोठ्या किमती येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या जतनाचा विचार सुरू झाला. लाकडाला निदान भंगाराच्या ढिगातून परत येता आले. कागदाला ती सोय नाही. रद्दीवाल्याकडे गेलेले पत्रक लगद्यात जाते. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे मिळवीत, कारण ती वाण्याच्या पुड्यांना जाण्याच्या वाटेवर होती. विसाव्या शतकातील भारतीयांनी कशाची वाट पाहिली आणि ती वाट कोणत्या भाषेत पाहिली, हे सांगणारी दप्तरे आज त्याच वाटेवर आहेत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी त्यांना सूचीत स्थान दिले, तर मीरेसारख्या गाड्यांचा इतिहास लिहिण्यास निदान आरंभ करता येईल.