चोपन्नावी पलटण

अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झालें. १८६३ सालीं उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें कृष्णवर्णी स्वयंसेवकांची एक पायदळ पलटण उभारली. तीच चोपन्नावी पलटण होय.

भरतीच्या वेळीं दरमहा १३ डॉलर पगाराचें वचन होतें. पुढें मध्यवर्ती सरकारनें १० डॉलरच देऊं केले, व त्यांतूनही कपड्यांसाठीं ३ कापावयाचें ठरविलें. गोऱ्या शिपायास मात्र १३ मिळत. पलटणीनें हा पगार घेण्याचें नाकारलें; परंतु लढणें सोडलें नाहीं. १८ जुलै १८६३ रोजीं सायंकाळीं वॅग्नर किल्ल्यावर तिनें हल्ला केला. सुमारें ६०० पैकीं अडीचशेंहून अधिक शिपाई मेले, जखमी झाले वा सांपडले. कर्नल शॉ धारातीर्थीं पडला. सार्जंट कार्नी यानें जखमी असतांही निशाण भुईस टेकूं दिलें नाहीं. किल्ला मात्र हातीं आला नाहीं.

घरीं बायकामुलांचे हाल होत होते. मॅसॅच्युसेट्सनें उणी रक्कम आपल्या तिजोरींतून भरून देऊं केली. तीही त्यांनीं घेतली नाहीं. सरकारनें आपणांस गोऱ्या शिपायांच्या बरोबरीचे मानावें, हाच त्यांचा आग्रह होता. अखेर जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान वेतनाचा कायदा केला.

विद्यार्थ्यांनो, किल्ल्यावर धावून जाण्याचें धैर्य एका सायंकाळचें. अन्याय्य पगार वर्षभर नाकारण्याचें धैर्य रोज नव्यानें गोळा करावें लागतें. आम्हांस हें दुसरें अधिक कठीण वाटतें.