चावणारा ससा

धावडा येथें आमचे घरीं पाळलेली सशाची मादी पिंजऱ्यांत हात घालतांच गुरगुरून चावूं लागली. नातवाचें बोट रक्ताळलें, तेव्हां तिला विकून टाकण्याचें ठरलें. इतक्यांत ती पोटाची लव उपटून गवतांत घालूं लागली आणि उलगडा झाला. ती गाभण होती! हा काळ सुमारें ३१ दिवसांचा असून त्यांत मादी आपली जागा फार जपते. शिवाय सशास नाकापुढचें अगदीं जवळचें दिसत नाहीं. समोरून आलेला हात त्यास शत्रूच भासतो. म्हणून हात बाजूनें कपाळावर न्यावा. पिंजरा ती बाहेर असतांना झाडावा. मारूं नये, कान धरून तर मुळींच उचलूं नये. इतकें करूनही चावणें न थांबल्यास दांत वाढले आहेत काय, हें पशुवैद्यास दाखवावें.