ताजा मासा निर्धोक असतोच असं नाही

“नदीतल्या माशांची जनुकं रसायनांनी बिघडतात म्हणे. मग ते खाल्ले तर पोटातल्या बाळाचीही बिघडतील का?” गरोदर मुलीला घेऊन आलेल्या आया हे हमखास विचारतात. तसं होत नाही. माशाचा डीएनए धड असो वा तुटलेला, आपल्या पोटात पचून जातो. काळजी करायची ती तो तोडणाऱ्या रसायनांची, कारण त्यातली बरीचशी पचत नाहीत, माशाच्या अंगात साठतात.

हा बिघाड डोळ्यांनी पाहता येतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. त्याचं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून रंगवलं की सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींत केंद्रकाशेजारी इवलासा ठिपका दिसतो. पेशी विभागताना मागे राहिलेला तो गुणसूत्राचा तुकडा. असे ठिपके वाढले की पाण्यावर संशय घ्यावा. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, कॅडमियम आणि डांबरातलं बेन्झोपायरीन ही असा बिघाड करणाऱ्या रसायनांतली ठळक नावं. तिन्ही माणसालाही कर्करोगकारक आहेत.

अमेरिकेत ओहायोतल्या ब्लॅक नदीच्या गाळात वावरणाऱ्या बुलहेड माशांना यकृताचा कर्करोग होत असे. काठचा, दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला, गाळातलं डांबरी विष घटलं आणि काही वर्षांत माशांमधलं कर्करोगाचं प्रमाणही घसरलं. म्हणून सांडपाणी रोखायचा आग्रह मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

मासे सोडू नका. गरोदरपणात ते हवेतच. पण लालबुंद कल्ले नि चकचकीत डोळे पाहून फक्त ताजेपणा कळतो, विष कळत नाही. चिलापी तर घाण पाण्यातही तगते. त्यामुळे मासा कुठल्या पाण्यातला, हे कोळणीला आधी विचारा. एमआयडीसीच्या नाल्याखालच्या डोहातला असेल तर घेऊ नका. आतडी, यकृत, कल्ले, कातडी आणि चरबी काढून टाका. चरबीत साठणारी विषं त्याने कमी होतात. पारा मात्र मांसातच असतो, तो धुऊन, उकळून वा तळून जात नाही. मरळ, शिवडा असे दुसरे मासे खाऊन मोठे होणारे मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी कमी खावेत. छोटे मासे बरे.

आणि नदीत मासे मरून वर आले की टोपली घेऊन धावू नका. ते कोंबड्यांनाही घालू नका. त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, म्हणजे विष वाहून जायच्या आत पाण्याचा नमुना घेता येईल.