बी.पी.ची गोळी आणि विम्याचा फॉर्म

"डॉक्टर, विम्याच्या फॉर्मवर बी.पी. लिहायचं का?" हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते; माझ्याकडून त्याला फक्त मान डोलावून हवी असते. विमा प्रतिनिधीने अगोदरच सांगून ठेवलेले असते, "काका, एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला लिहिता? उगीच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल." मी लिहा म्हणतो. पुष्कळांना ते आवडत नाही.

मी वकील नाही. पण विम्याच्या दाव्याचे भांडण शेवटी डॉक्टरच्या कागदावर येऊन थांबते, त्यामुळे हा कायदा मला थोडाफार वाचावा लागला आहे. तो रुग्णांनाही ठाऊक असावा, कारण आजारपणात औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो.

बाजारात बैल घेताना घेणारा दात पाहतो, चालवून पाहतो, मग व्यवहार करतो. विम्यात तसे नसते. कंपनी जो धोका पत्करते तो तुमच्या शरीरात असतो आणि त्याची माहिती तुमच्यापाशी असते. म्हणून विम्याच्या कराराला परम विश्वासाचा करार म्हणतात. जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट आपणहून सांगायची, हे तत्त्व इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली एका निकालात मांडले. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याचा विमा उतरवला होता, फ्रेंचांनी तो घेतला, आणि किल्ला दुबळा असल्याचे लपवले म्हणून विमा देणाऱ्याने पैसे नाकारले. गंमत अशी, की तो खटला विमा उतरवणारा जिंकला. जे विमा देणाऱ्याला सहज कळू शकत होते, त्याबद्दल त्याने नंतर तक्रार करू नये, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. म्हणजे विश्वासाचे बंधन पहिल्यापासून दोन्ही बाजूंना आहे. आपल्याकडे पुष्कळदा एकच बाजू सांगितली जाते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे चार निकाल पाहू. १९९० साली एका गृहस्थांनी मेडिक्लेम पॉलिसी घेतली आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना सोळा वर्षांपासून मधुमेह होता आणि मूत्रपिंडे निकामी होत होती. फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. २००९ साली न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. याउलट २०१५ चे प्रकरण एका मराठी कुटुंबाचे आहे. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी होती आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. पण मयताने कंबरेच्या मणक्यांचा आजार व सायटिका सांगितला नव्हता, म्हणून दावा नाकारला गेला. न्यायालयाने पैसे देण्याचा आदेश दिला. सायटिका जीवघेणा आजार नाही आणि मृत्यूच्या कारणाशी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. डॉक्टर म्हणून मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. कंबर दुखत नाही असा पन्नाशीचा मनुष्य मला अजून भेटायचा आहे!

परंतु या निकालावर विसंबून बी.पी., साखर लपवू नये. २०२० मध्ये तिसरे प्रकरण आले. ऑगस्ट २०१४ मध्ये फॉर्म भरलेला, सप्टेंबरमध्ये मृत्यू. पोटाचा विकार, रक्ताची उलटी आणि त्यासाठी घेतलेले उपचार फॉर्मवर लिहिलेले नव्हते. सायटिकाच्या निकालाचा आधार घेतला गेला, पण न्यायालयाने तो येथे लागू होत नाही असे ठरवून कंपनीचा नकार मान्य केला. वृद्ध आईला अगोदर दिलेली रक्कम परत घेतली गेली नाही, एवढाच दिलासा.

चौथा निकाल डिसेंबर २०२१ चा. परदेश प्रवासाचा विमा घेतलेल्या गृहस्थांना अमेरिकेत पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट बसवावे लागले. मधुमेह त्यांनी सांगितला होता, विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, म्हणून कंपनीने दावा नाकारला. न्यायालयाने पैसे देण्यास सांगितले. मधुमेह ठाऊक असून, तपासणी करून पॉलिसी दिली, तर मग त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही. मी 'लिहा' म्हणतो ते याचसाठी. लिहिलेला आजार पुढे तुमच्या बाजूने साक्ष देतो.

आता मुदतीचे नियम. येथे पुष्कळ गोंधळ आहे, कारण जीवन विमा आणि आरोग्य विमा यांचे हिशेब वेगळे आहेत.

जीवन विम्याला १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ लागू होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून, अगदी फसवणुकीच्या आरोपावरूनही, कंपनीला ती पॉलिसी अमान्य करता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र ती चौकशी करू शकते. त्यात माहिती चुकली पण फसवणूक नाही असे असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमेदार हयात नसेल, तर तो आरोप खोडून काढण्याचा भार वारसांवर येतो. नवऱ्याने फॉर्मवर काय लिहिले आणि का लिहिले, हे त्याच्या बायकोने सिद्ध करायचे. तिने बहुधा तो फॉर्म पाहिलेलाही नसतो.

आणखी एक मेख आहे. ही तीन वर्षे पॉलिसी सुरू झाल्यापासूनच मोजतात असे नाही. हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. पुन्हा चालू करताना प्रकृती उत्तम असल्याचे निवेदन सहीसाठी समोर येते. आपल्याकडे द्राक्षाचा हंगाम बिघडला की हप्ते थकतात, दोन वर्षांनी पैसे आले की पॉलिसी जिवंत केली जाते. मधल्या काळात साखर निघालेली असते. निवेदनावर सही करताना ती आठवत नाही. पंधरा वर्षे जुनी पॉलिसी अशा रीतीने कायद्याच्या नजरेत एका दिवसाची होते.

आरोग्य विम्यात १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने नियम बदलले. पूर्वी असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षे असे, ती आता तीन वर्षे आहे. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या छत्तीस महिन्यांत ज्याचे निदान झाले, अथवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला किंवा उपचार घेतला, तो 'आधीचा आजार' धरला जातो. आणि सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती सांगितली नाही या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती. विम्याची रक्कम मध्येच वाढवली, तर वाढीव रकमेसाठी पाच वर्षे वेगळी मोजतात.

म्हणजे हिशेब असा. बी.पी. सांगितले, तर हप्ता थोडा वाढेल आणि त्या आजाराच्या खर्चासाठी फार तर तीन वर्षे थांबावे लागेल. लपवले, तर पाच वर्षे धाकधूक, आणि फसवणूक सिद्ध झाली तर पुढेही सुटका नाही. 'सलग' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. वार्षिक हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत असते. तीही गेली की साठलेले महिने हातचे जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के जी.एस.टी. रद्द झाला आहे, तेव्हा हप्ता परवडत नाही म्हणून सोडून दिलेल्यांनी पुन्हा चौकशी करायला हरकत नाही.

फॉर्म कोरा सही करून देऊ नये, हे मी रुग्णांना सांगून थकलो. प्रतिनिधी भरतो, त्याच्या अक्षरात सगळीकडे 'नाही, नाही, नाही' लिहिलेले असते आणि खाली सही तुमची असते. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती त्याच रात्री वाचावी. पॉलिसी पटली नाही तर हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. २०२४ पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती.

काय लिहायचे, याबद्दल डॉक्टर म्हणून सांगतो. दवाखान्यात एकदा १५०/९६ निघाले म्हणजे उच्च रक्तदाब झाला असे नव्हे. घाईत जिना चढून आलेल्याचेही तेवढे निघते. वेगवेगळ्या दिवशी मोजून निदान होते. एच.बी.ए.१सी. ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर असेल आणि ते पुन्हा तपासून पक्के झाले असेल तर मधुमेह. ज्याचे निदान झाले तो आजार लिहा, जी गोळी रोज घेता तिचे नाव व सुरू केल्याची तारीख लिहा. गोळीने बी.पी. ताब्यात आहे म्हणजे बी.पी. नाही, असे समजणारी मंडळी फार आहेत. त्यांचे विम्याचे फॉर्म मी पाहिले आहेत.

खरा घोटाळा होतो तो इस्पितळात. निफाडकडील एका बागायतदाराला रात्री छातीत दुखू लागले, घरच्यांनी त्याला नाशिकला आणले. ड्युटीवरील तरुण डॉक्टरने विचारले, "बी.पी. कधीपासून?" घाबरलेला मेव्हणा म्हणाला, "असेल पाच-सहा वर्षांपासून." कार्डावर 'सहा वर्षांपासून उच्च रक्तदाब' असे उमटले. पॉलिसी दोन वर्षांची होती. दावा अर्थातच नामंजूर झाला. प्रत्यक्षात त्याची गोळी माझ्याकडेच, पॉलिसीनंतर सात महिन्यांनी सुरू झाली होती, आणि त्याआधीच्या केसपेपरवर नॉर्मल रक्तदाब तारखेसह लिहिलेला होता. ते केसपेपर आणि माझे पत्र जोडून त्याने कंपनीकडे पुन्हा अर्ज केला आणि पैसे मिळाले. मेव्हण्याला दोष कसा द्यावा? अशा वेळी ठाऊक नसेल तर 'नक्की ठाऊक नाही' असे सांगावे, आणि घरी जाण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरील 'पूर्वीचे आजार' ही ओळ वाचून घ्यावी. चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तारीख व सही घालून दुरुस्ती करून घ्यावी, खाडाखोड नको.

याच्या उलट प्रकारही घडतो. "डॉक्टर, तेवढं सहा वर्षांचं सहा महिने करा ना!" असा आग्रह होतो, मिठाईचा डबाही येतो. मी करत नाही. खोटे प्रमाणपत्र देणे हा डॉक्टरच्या दृष्टीने गैरवर्तनाचा गुन्हा आहे, हे तर झालेच. पण खोटा कागद पकडला गेला, की खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मग पाच वर्षांचे संरक्षणही धोक्यात येते. खरे कागद मात्र तुमचे आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करावा व पोच घ्यावी.

ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी. १ जुलै २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे, योजनेत ठरवून दिलेले उपचार सूचीतील रुग्णालयात मिळतात. तेथे बी.पी. कधीपासून, यावरून कोणी अडवत नाही.

दावा नामंजूर झालाच, तर आधी कारण लेखी मागा. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय आरोग्य विम्याचा दावा फेटाळता येत नाही, आणि पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीमुळे फेटाळला हे कळवावे लागते. त्यानंतर कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाता येत नाही. नियामक प्राधिकरणाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे. अर्जासोबत पॉलिसी, फॉर्मची प्रत, डिस्चार्ज कार्ड, नकाराचे पत्र आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडचे जुने केसपेपर जोडावेत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात ते हेच केसपेपर.